फिरतीची नोकरी आणि रेंगाळणारा खोकला

सहकारी साखर कारखाने आणि नागरी सहकारी बँका यांचे लेखापरीक्षण करणाऱ्या आमच्या फर्ममध्ये टेबलावरचे काम थोडे आणि फिरती फार. घर पुण्यात असले तरी महिन्याचे निम्मे दिवस सोलापूर, लातूर, सांगली, नागपूर अशा ठिकाणी जातात. गळीत हंगामात कारखान्याच्या गेस्ट हाउसवर सलग मुक्काम पडतो आणि मध्येच एखादी दिल्लीवारी निघते. या धावपळीत सर्दी-खोकला अधूनमधून व्हायचाच. परंतु काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात पहिला खोकला जायच्या आत दुसरी सर्दी सुरू, असे चालू झाले आणि संचालक मंडळापुढे ताळेबंद वाचून दाखवताना ढास लागून बैठक थांबवावी लागू लागली, तेव्हा हे प्रकरण नीट तपासून घ्यायचे मी ठरवले.

क्रम दर वेळी ठरलेला असे. प्रवासाहून परतल्यावर एक-दोन दिवसांत घशाला खवखव, मग शिंका आणि नाक गळणे. चौथ्या-पाचव्या दिवशी नाक मोकळे होऊ लागे तोवर सर्दी छातीत उतरलेली असे, आणि पुढे कितीतरी दिवस कोरडा खोकला, विशेषतः पहाटे, मोठ्याने हसल्यावर किंवा जिना चढून आल्यावर. ताप क्वचितच येई. "मॅडम, तुमची इम्युनिटीच कमी पडतेय," हे निदान ऑफिसात, कारखान्यावर आणि घरी एकमताने झालेले होते. त्यानुसार सासूबाई सुंठ, तुळस आणि गवती चहाचा काढा करून देत, एका कारखान्याचे अकाउंटंट साहेब दर भेटीत गुळवेलीच्या रसाची बाटली पुढे करीत, आणि आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला "ताई, तीन गोळ्यांचा कोर्स करून टाका, मोकळ्या व्हाल" असे म्हणत अझिथ्रोमायसिनची पट्टी काढून ठेवी. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक द्यायचे नसते हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. गोळ्या घेतल्या की आठवडाभरात थोडे बरे वाटे; ते गोळ्यांनी वाटे की आपोआप, हे कळायला मार्ग नव्हता.

छातीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी स्टेथोस्कोप लावला नाही, तर वही काढायला सांगितली. गेल्या वर्षभरात केव्हा केव्हा सर्दी झाली, त्याआधीच्या आठवड्यात मुक्काम कोठे होता, प्रवास बसचा की रेल्वेचा की विमानाचा, कोणती औषधे किती दिवस घेतली, असे सगळे त्यांनी विचारले आणि जे आठवले नाही ते जुन्या प्रवासभत्त्याच्या बिलांवरून शोधून आणायला सांगितले. लेखापरीक्षकाला ही पद्धत आवडणे साहजिक होते. औषधांच्या यादीत लेव्होफ्लॉक्सॅसिन आहे का, हे त्यांनी दोनदा विचारले. फ्लुरोक्विनोलोन या प्रतिजैविकांच्या गटातली ही औषधे क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबतात. त्यामुळे रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि क्षयाचे निदान लांबते. आपल्या देशात दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी करावी, असा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियमच आहे, आणि प्रवास करणाऱ्या, चांगले खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसाला तो लागू नाही असे कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून पहिली तपासणी थुंकीची झाली, आणि ती सरकारी केंद्रात मोफत झाली. तिथल्या सिस्टरने झाकणाची प्लॅस्टिकची नळी देऊन बजावले की सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी चूळ भरायची, गच्चीवर किंवा अंगणात उघड्यावर जायचे, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचे आणि जे येईल ते नळीत घ्यायचे. नुसती लाळ आणली तर परत पाठवीन. कोरडा खोकला असलेल्या माणसाकडून कफ निघणे सोपे नसते. आदल्या रात्री वाफ घेऊन दुसऱ्या दिवशी कसाबसा नमुना मिळाला. सीबीनॅट यंत्रावर ही तपासणी साधारण दोन तासांत होते आणि क्षयाच्या जंतूंबरोबरच रिफाम्पिसिन या औषधाला ते दाद देतील की नाही हेही कळते. अहवालात क्षय नव्हता, छातीचा एक्स-रेही स्वच्छ होता.

पुढच्या भेटीत मी प्रतिकारशक्तीचा प्रश्न काढला. डॉक्टरांनी तो टाळला नाही, पण आधी अपेक्षा दुरुस्त केल्या. सर्दी घडवून आणणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्ध कमावलेले संरक्षण दुसऱ्याच्या कामी फारसे येत नाही. त्यामुळे धडधाकट प्रौढ माणसालाही वर्षातून दोन-तीनदा सर्दी होते, आणि दर आठवड्याला नव्या गावच्या, नव्या गर्दीच्या हवेत जाणाऱ्याला त्याहून अधिक वेळा झाली तर त्यात नवल नाही. खोकल्याचेही तसेच. साध्या विषाणूजन्य आजारातला खोकला सरासरी अठरा दिवसांच्या आसपास टिकतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची होती. मधल्या त्या दहा दिवसांत माणूस घाबरून प्रतिजैविक घेतो, खोकला आपल्या वेळेला थांबतो आणि श्रेय गोळीला जाते. आमच्या मेडिकलवाल्याच्या कीर्तीचे रहस्य मला इथे उलगडले.

खरोखर प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचे चित्र वेगळे असते, हे त्यांनी समजावून सांगितले. त्याला नुसती सर्दी होत नाही. पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो, सायनस आणि कान पिकतात, त्वचेखाली खोल गळवे होतात, तोंडातली बुरशी हटत नाही, तोंडावाटे घेतलेल्या प्रतिजैविकांनी भागत नाही म्हणून शिरेतून द्यावी लागतात, कधी घराण्यातच असा आजार असतो. यांपैकी माझ्याकडे काहीच नव्हते. तरीही खोकला लांबल्यामुळे आणि माझ्या मनातला संशय जात नसल्यामुळे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, त्यांनी एकदाची तपासणी लिहून दिली: रक्तपेशींची पूर्ण गणना, तीन महिन्यांची सरासरी साखर, एचआयव्ही, आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम ही तीन प्रतिद्रव्ये. मधुमेह इतका सर्वत्र पसरलेला आहे की वारंवार संसर्ग होणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाची साखर पाहिल्याशिवाय इम्युनिटीची चर्चा करू नये, हे त्यांचे मत मला पटले. तिन्ही प्रतिद्रव्ये योग्य प्रमाणात होती, साखर ठीक होती. वाढलेल्या होत्या त्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी आणि आयजीई हे चौथे, ॲलर्जीशी निगडित प्रतिद्रव्य.

या अहवालाने माझ्यापुरता प्रश्नच फिरला. वर्षभर आम्ही सगळे ज्या शक्तीला कमी समजून तिला काढे पाजत होतो ती कमी नव्हतीच. ती भलत्याच गोष्टींवर, धुळीतल्या निरुपद्रवी कणांवर, तुटून पडत होती. 'बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर हा फरक कोणी छापत नाही.

ॲलर्जी आणि रेंगाळणारा खोकला यांमुळे आता संशय दम्यावर होता, परंतु ॲलर्जी आहे म्हणजे दमा आहेच असे नाही. म्हणून स्पायरोमेट्री झाली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ कुस्तीच्या फडात ओरडावे तसा ओरडतो: "घ्या श्वास, पूर्ण घ्या, आता फुंका, जोरात, फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून!" पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, हे यंत्र मोजते, फुंकर छातीतली हवा संपेपर्यंत टिकावी लागते आणि एकमेकींशी जुळणाऱ्या तीन फुंकरी मिळेपर्यंत सुटका नसते. दुसऱ्या फुंकरीला मला ढास लागली, डोळ्यांत पाणी आले, तंत्रज्ञाने पाण्याचा पेला दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार फवारे देऊन पंधरा मिनिटे बसवले आणि तेच सगळे पुन्हा करवून घेतले. इतके करून अहवाल सामान्य आला.

इथेच बरेच जण थांबत असावेत. परंतु दम्यात श्वासनलिकांचे आकुंचन कमी-जास्त होत असते आणि बऱ्या दिवशी केलेली चाचणी सामान्य येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी मला पीक फ्लो मीटर घ्यायला सांगितले. हे हातात मावणारे प्लॅस्टिकचे साधे उपकरण असते. उभे राहून एक जोराची फुंकर मारली की काटा लिटर प्रतिमिनिटाच्या आकड्यावर थांबतो. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंकरी मारून मोठा आकडा लिहायचा, असे दोन आठवडे करायचे, आणि ते दोन आठवडे घरचे नव्हे तर दौऱ्याचे असावेत, ही त्यांची अट होती. प्रौढ माणसात दिवसभरातला चढउतार सरासरी दहा टक्क्यांहून जास्त निघाला तर दम्याचा संशय बळावतो. बार्शीच्या लॉजवर, नागपूरच्या हॉटेलात, कारखान्याच्या गेस्ट हाउसवर मी फुंकत राहिले. घरी चारशेच्या आसपास असणारा सकाळचा आकडा रात्रभराच्या वातानुकूलित बसनंतर तीनशे दहावर आला होता, आणि बगॅसच्या साठ्याची प्रत्यक्ष मोजणी केली त्या संध्याकाळी त्याहूनही खाली.

बगॅसचे नाव ऐकताच डॉक्टरांनी आणखी एक शक्यता तपासली. उसाचा रस काढल्यावर उरणारा हा चोथा ओला राहून साठला की त्यात उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव माजतात आणि त्याची धूळ सतत श्वासात गेल्यास बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. तो मुख्यतः त्या ढिगांवर रोज काम करणाऱ्या मजुरांचा आजार. त्यात धुळीत वावरल्यावर काही तासांनी ताप, थंडी आणि धाप येते. माझी लक्षणे तशी नव्हती, एक्स-रे आणि श्वासाची मोजमापेही त्या बाजूची नव्हती. परंतु त्या आवारात तोंडाला उपरण्याचे टोक लावून दिवसभर उभे राहणाऱ्या माणसांना कोणी स्पायरोमेट्रीला नेत असेल का, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आमच्या अहवालाच्या कोणत्याही रकान्यात तो बसत नाही.

खोकला जोरावर असताना दुसरी स्पायरोमेट्री केली. फवाऱ्यानंतर पहिल्या सेकंदातली हवा बारा टक्क्यांनी आणि दोनशे मिलिलिटरने वाढली तर आकुंचन औषधाने सुटते, म्हणजे दमा आहे, असा ढोबळ निकष. माझी वाढ त्याच्या बरीच पुढे होती. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीसाठी आठवडाभर सर्दीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या. हातावर थेंबांच्या रांगा, प्रत्येक थेंबातून हलकेच सुई टोचणे आणि पंधरा-वीस मिनिटे खाजवायचे नाही, हा त्यातला कठीण भाग. धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्याच्या थेंबाखाली चांगली गांधी उठली. हे किडे गाद्या, उशा आणि जाड कांबळ्यांत राहतात. वर्षातल्या निम्म्या रात्री परक्या गादीवर झोपणाऱ्या माणसाला याहून गैरसोयीची ॲलर्जी शोधून सापडली नसती.

सर्व धागे जुळल्यावर चित्र असे दिसले: सर्दी मला इतरांपेक्षा थोडी जास्त वेळा होत होती, ती फिरतीमुळे, परंतु प्रत्येक सर्दी आधीच सुजलेल्या श्वासनलिकांवर पडत होती, त्यामुळे इतरांचा आठवड्याचा आजार माझ्याकडे महिनाभर ठाण मांडत होता. दमा उसळण्याच्या बहुतेक प्रसंगांमागे विषाणूच असतात आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरस आघाडीवर, तेव्हा प्रतिजैविकांचा काही उपयोग नव्हताच.

उपचार म्हणून सूज कमी करणारे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि श्वासनलिका मोकळ्या करणारे फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला इनहेलर मिळाला. घरी त्याचे स्वागत सुतकी झाले. "एकदा पंप लागला की सुटत नाही म्हणतात गं," आई फोनवर म्हणाली, आणि त्यात स्टेरॉइड आहे हे कळल्यावर तर तिने मामांना कामाला लावले. खरे तर दम्याच्या मोठ्या झटक्यात तोंडावाटे द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडची मात्रा तीस-चाळीस मिलिग्रॅमची असते. इनहेलरच्या एका फवाऱ्यातली मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे शेकडो पटींनी कमी, आणि ती थेट जिथे हवी तिथे पोहोचते. नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवणे धोक्याचे आहे, सूज कमी करणारे औषध सोबत हवेच, असे दम्याविषयीची जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगते. फवारा स्पेसर या पोकळ नळकांड्यातून घेणे आणि नंतर चूळ भरणे या दोन गोष्टी डॉक्टरांनी माझ्याकडून समोर करवून घेतल्या. खोकला पंधरवड्यात ओसरला.

प्रवासाच्या बाबतीत ज्या समजुती होत्या त्यांची फेरतपासणी मग आपोआप झाली. विमानाला मी उगाच घाबरत होते. आधुनिक विमानात हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते, तिचा साधारण निम्मा भाग बाहेरून येतो आणि फिरवलेली हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीतून जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाच्या अंदाजानुसार धोका मुख्यतः आजारी माणसाच्या शेजारच्या दोन आसनांपुरता आणि पुढच्या-मागच्या रांगेपुरता असतो. आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाऊन नाक-घसा कोरडा पडतो, हा त्रास खरा. त्या मानाने खिडक्या न उघडणारी, तीच हवा फिरवीत राहणारी रात्रीची बस अधिक वाईट, आणि तिथे मी आता एन-९५ मुखपट्टी काढत नाही. शेजारचा प्रवासी काय म्हणेल याची काळजी पहिल्या अर्ध्या तासापुरतीच असते. स्वतःची धुतलेली चादर आणि उशीचा अभ्रा बॅगेत असतोच. दिल्लीचे काम नोव्हेंबरात निघाले तर मी ते दूरचित्रसंवादावर उरकण्याचा आग्रह धरते, कारण हवेतले पीएम २.५ कण भारताच्या चोवीस तासांच्या ६० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कित्येक पट वाढलेले असताना माझ्यासारखीने तिथे जाऊन मिळवायचे काही नसते.

झोपेचे प्रकरण मात्र सर्वांत महत्त्वाचे निघाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब टाकण्यात आले; त्यापूर्वीच्या आठवड्यात रात्री सहा तासांहून कमी झोपलेल्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपलेल्यांच्या चौपटीहून जास्त दिसली. याच्या तुलनेत क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा हिशेब किरकोळ आहे: सामान्य माणसात त्यांनी सर्दीची संख्या घटत नाही, नियमित घेतल्यास प्रौढांत आजार जेमतेम आठ टक्क्यांनी लवकर आटोपतो. गुळवेलीच्या रसाची बाटली मी आता नम्रपणे परत करते. २०२० च्या उत्तरार्धात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण ज्याची शक्ती आधीच नको तिथे उधळते आहे अशा माणसाने तिला आणखी चेतवण्याचे कारण मला दिसत नाही. काढा मी पिते, तो चवीला चांगला लागतो म्हणून.

फ्लूच्या लशीची वेळही मी बदलून घेतली. पाश्चात्त्य सल्ल्याप्रमाणे ऑक्टोबरात घ्यायची असे मी वाचले होते. परंतु महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत असतो, आणि हिवाळ्याच्या अखेरीला दुसरा, लहानसा. लस दिल्यावर प्रतिद्रव्ये तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये उपलब्ध होणारी ताजी लस पावसाआधी टोचून घेणे इथल्यासाठी शहाणपणाचे. ती सर्दीच्या शेकडो विषाणूंना रोखत नाही आणि फ्लूलाही चांगल्या वर्षी चाळीस ते साठ टक्केच रोखते, हे जाणून ती घ्यावी. दम्यामुळे न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लसही घेतली.

ऑफिसला मी एकच विनंती केली: रात्रीच्या बसने जाऊन सकाळी दहाला हजर होण्याऐवजी आदल्या दुपारी निघून मुक्काम करू द्यावा. भागीदारांनी आधी एका रात्रीच्या भाड्याचा हिशेब मांडला, मग मी गेल्या वर्षीच्या आजारपणाच्या रजांचा मांडला, आणि विनंती मान्य झाली. आता प्रश्न आहे तो औषधाची मात्रा कमी करण्याचा. तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात राहिला की एक पायरी उतरता येते, पण त्या वेळी संसर्ग नसावा आणि रुग्ण प्रवासात नसावा, असे मार्गदर्शक सूचनाच म्हणते. एप्रिल ते जुलै बँका आणि संस्थांची लेखापरीक्षणे, ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाळी फ्लू, ऑक्टोबराच्या मध्यानंतर केव्हाही गळीत हंगाम. डॉक्टर आणि मी कॅलेंडर समोर ठेवून बसलो तेव्हा दसऱ्याच्या अलीकडचे काही आठवडे तेवढे मोकळे सापडले. पावसाने वेळेवर काढता पाय घेतला, तर तिथे सुरुवात करायची असे ठरले आहे.